प्रकाशानें मांसाची परीक्षा व शेतकऱ्याचें हित

आठवडेबाजारांत बोकड विकावयास नेला म्हणजे घेणारा प्रथम त्याच्या पाठीवरून हात फिरवितो, कमरेजवळचा कणा दोन बोटांनीं चाचपून पाहतो, पुढचे पाय उचलून वजनाचा अंदाज घेतो, आणि मग एक आकडा बोलतो. ह्या परीक्षेंत कांहींच अर्थ नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. कण्याचीं हाडें बोटांस टोंचलीं तर अंगावर मांस थोडें, आणि कणा मांसांत बुडालेला लागला तर जनावर पोसलेलें, हें खरेंच आहे. परंतु ही परीक्षा घेणाऱ्याच्या बोटांत राहते. विकणाऱ्यास ती पडताळून पाहतां येत नाहीं. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं जनावर काट्यावर घालून विकण्याची चाल पडली आहे, ती इष्टच आहे. तथापि काटा वजन सांगतो, प्रत सांगत नाहीं. चांगली प्रत तयार करण्यासाठीं ज्यानें चारा, पेंड व मेहनत खर्च केली त्यास तिचा मोबदला कसा मिळावा, हा प्रश्न काट्यानें सुटत नाहीं.

परदेशांतील मांसाच्या कारखान्यांत ह्या कामीं एक नवें साधन वापरांत येत आहे. मांसावर प्रकाश पाडावयाचा, परत येणारा प्रकाश मोजावयाचा, आणि त्यावरून मांसांत पाणी किती, चरबी किती, प्रथिनें किती, हें मांस न कापतां कांहीं क्षणांत सांगावयाचें, असें तें यंत्र आहे. त्यास वर्णपटमापक म्हणतात. पूर्वी तें प्रयोगशाळेच्या टेबलावर बसविलेलें असे. आतां एका हातांत धरतां येईल एवढें लहान निघालें आहे. आज ना उद्यां तें आपल्या खरेदीदारांच्या हातींहि दिसेल. तें येण्यापूर्वींच त्याचें मर्म शेतकऱ्यास कळावें, ह्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. ज्या वाचकांस मांसाशन वर्ज्य आहे त्यांनींहि तो वाचावा. कारण शेळ्यामेंढ्या व कोंबड्या पाळून संसारास हातभार लावणारीं कुटुंबें गांवोगांव आहेत, आणि मालाची प्रत कोणीं व कशी ठरवावी हा प्रश्न तर दूध, ऊंस, कापूस व धान्य पिकविणाऱ्या सर्वांचाच आहे.

मांसाची प्रत कशांत असते

चरबीरहित मांसांत सुमारें ७५ टक्के पाणी व २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनें असतात; उरलेल्या भागांत थोडी चरबी, क्षार वगैरे पदार्थ येतात. चरबी वाढली कीं पाण्याचें प्रमाण उतरतें. हें झालें घटकांचें. परंतु घटक सारखे असूनहि एक मांस मऊ व रसाळ आणि दुसरें चिवट व कोरडें लागतें. ह्याचें कारण जनावर मारल्यानंतरच्या एका दिवसांत घडणाऱ्या फेरफारांत आहे.

जिवंत जनावराच्या स्नायूंत ग्लायकोजेन नांवाचें एक साखरेच्या जातीचें द्रव्य सांठविलेलें असतें. जनावर मेल्यावर श्वास बंद होतो, आणि हा सांठा हवेवांचून विघटन पावून त्याचें दुग्धाम्ल बनतें. त्यामुळें मांस हळूहळू आंबट होत जातें. जमिनीचा सामू आपण तपासतोंच. तेंच माप मांसासहि लागू आहे. जिवंत स्नायूचा सामू ७ च्या आसपास असतो, तो सुमारें २४ तासांत ५.५ च्या जवळपास उतरावा, हें चांगल्या मांसाचें लक्षण होय.

जनावर लांबच्या प्रवासानें थकलें, उपाशी राहिलें, अनोळखी जनावरांशीं झुंजलें किंवा फार भ्यालें, तर त्याच्या अंगांतील हा सांठा मरणापूर्वींच खर्च होऊन जातो. मग आम्ल बनावयास कांहीं उरत नाहीं, आणि सामू ६ च्या वरच राहतो. असें मांस काळसर, घट्ट व वरून कोरडें दिसतें. तें लवकर नासतें, आणि गिऱ्हाईक तें म्हाताऱ्या जनावराचें समजून टाळतें. ह्याच्या उलट प्रकार डुकरांत पुष्कळ आढळतो. मारतेवेळीं जनावर फार भेदरलेलें असेल तर मांस गरम असतांनाच सामू झपाट्यानें उतरतो, प्रथिनांची पाणी धरण्याची शक्ति जाते, आणि मांस फिकट व सैल होऊन त्यांतून पाणी झिरपूं लागतें. शेळी स्वभावानें भित्री व चंचल. म्हणून पहिल्या प्रकारच्या दोषाची भीति तिच्या बाबतींत विशेष.

तिसरी गोष्ट धड थंड करण्याची. सामू पुरेसा उतरण्यापूर्वींच धड एकदम अति थंड केलें तर स्नायू आंखडून मांस चिवट होतें. शेळीमेंढीचें धड लहान व पातळ असल्यामुळें तें लवकर थंड होतें, आणि हा धोका त्यांस अधिक. ह्या सर्व गोष्टींचें स्मरण वाचकांनीं ठेवावें; कारण प्रत बिघडली तर ती कोणाच्या हातून बिघडली, ह्या प्रश्नाकडे आम्हांस शेवटीं वळावयाचें आहे.

प्रकाश मांस कसें वाचतो

इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल ह्या ज्योतिष्यानें सूर्याचा प्रकाश लोलकांतून सोडून सप्तरंगांचा पट्टा पाडला व एकेका रंगांत उष्णतामापक ठेवून पाहिला. लाल रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नाहीं, तेथें पारा सर्वांत अधिक चढला. ह्या न दिसणाऱ्या किरणांस अवरक्त किरण म्हणतात. त्यांपैकीं लाल रंगास लागून असलेले, म्हणजे सुमारें ७८० पासून २५०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे जे किरण, तेच आपल्या कामाचे. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग होय.

दोन तंबोरे एकाच स्वरांत लावून जवळ ठेविले आणि एकाची तार छेडली, तर दुसऱ्याची तीच तार आपोआप थरारते. इतर तारा स्वस्थ राहतात. पदार्थाच्या अणूंमधील बंधांचेंहि असेंच आहे. पाण्यांतील बंध ज्या लहरींशीं जुळतो त्या लहरी पाणी शोषून घेतें. चरबीचे बंध निराळ्या लहरी शोषितात. प्रथिनांचे आणखी निराळ्या. पाण्याच्या खुणा मुख्यतः ९७०, १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपास सांपडतात. चरबीच्या १२०० च्या किंचित् पुढें व १७२५ ते १७६० च्या दरम्यान. मांसाचा लाल रंग ज्या द्रव्यामुळें येतो त्याची खूण डोळ्यांस दिसणाऱ्या प्रकाशांतच, हिरव्या-पिंवळ्या भागांत, मिळते. यंत्र मांसावर प्रकाश पाडतें, परत आलेल्या प्रकाशांत कोणत्या लहरी किती कमी झाल्या हें टिपतें, आणि त्या उणीवेवरून हिशेब करतें.

हें शास्त्र शेतीच्या कामांत आणण्याचें श्रेय अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील कार्ल नॉरिस ह्यांस दिलें जातें. मेरीलँड संस्थानांतील बेल्ट्सव्हिल येथें त्यांनीं प्रथम अंडीं व धान्य ह्यांवर काम केलें. पुढें १९६८ मध्यें बेन-गेरा व नॉरिस ह्यांनीं मांसाच्या पदार्थांतील चरबी व पाणी ह्या प्रकाशानें थेट मोजण्याची रीत प्रसिद्ध केली.

दुसरीहि एक रीत आहे, आणि तिचें मूळ आपल्या देशांत आहे. १९२८ मध्यें चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनीं कलकत्त्यास असें दाखविलें कीं, पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाचा अगदीं अल्प भाग आपला रंग बदलून येतो, आणि त्या बदलावरून पदार्थ ओळखतां येतो. १९३० चें नोबेल पारितोषिक त्यांस ह्याबद्दल मिळालें. पाण्याचा अडथळा ह्या रीतींत थोडा असल्यामुळें मांसासारख्या पाणीदार पदार्थास ती सोईची पडते. जर्मनींत बायरॉइट येथील विद्यापीठांत ह्या तत्त्वावर हातांत धरावयाचें यंत्र तयार करून डुकराच्या व मेंढीच्या मांसावर त्याच्या चांचण्या झालेल्या आहेत.

यंत्रास कोण शिकवितें

आतां मुख्य मुद्दा. हें यंत्र चरबी मोजतें असें आपण बोलण्याच्या सोईसाठीं म्हणतों. वास्तविक तें चरबी मोजीत नाहीं. तें प्रकाश मोजतें. अमुक प्रकारचा प्रकाश परत आला म्हणजे अमुक टक्के चरबी, हें त्यास आधीं शिकवावें लागतें. ह्या शिकविण्यास अंशांकन म्हणतात. तें असें करावयाचें: शेंकडों नमुने घ्यावयाचे, प्रत्येकाचा प्रकाश यंत्रानें टिपावयाचा, मग तोच नमुना वाटून प्रयोगशाळेंत जुन्या रासायनिक रीतींनीं तपासावयाचा. चरबीसाठीं सॉक्सलेट ह्यांची १८७९ ची रीत, प्रथिनांसाठीं केल्डाल ह्यांची १८८३ ची रीत, आणि पाण्यासाठीं भट्टींत वाळवून वजन करण्याची साधी रीत. प्रकाश एका बाजूस व रासायनिक आकडे दुसऱ्या बाजूस मांडून गणितानें दोहोंचा संबंध बसवावयाचा. आणि शेवटीं, शिकविण्यांत न वापरलेल्या नव्या नमुन्यांवर यंत्राची परीक्षा घ्यावयाची.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. तेव्हां आम्हांस ह्या गोष्टीची ओळख आणेवारीच्या कामानें झालेली आहे. सोळा आणे पीक, बारा आणे पीक, असें पूर्वी म्हणत. पुढें आण्यांच्या जागीं पैसे आले, आणि पैसेवारी ५० च्या खालीं गेली कीं टंचाईच्या सवलतींचा प्रश्न निघूं लागला. नजरेनें आणेवारी बांधण्यांत मोठमोठे अनुभवी लोकहि फसतात. एका साली आम्ही एका गांवीं पीक पाहावयास गेलों असतां रस्त्यावरून ज्वारी अशी कांहीं झोंकदार दिसली, कीं पंचांनीं एकमतानें मोठा आकडा सांगितला. मग मापून चौकोन आंखला, कापणी केली, कणसें मळलीं, तों निम्मा दाणा पोचट निघाला. डोळ्यांनीं कणसाची उंची पाहिली होती. दाण्याचें वजन पाहिलें नव्हतें. त्या दिवसापासून आम्हीं मनाशीं खूणगांठ बांधली कीं, नजर ही कापणीच्या ताळ्यावांचून व्यर्थ होय. प्रकाशाचें यंत्र म्हणजे एक फार तीक्ष्ण नजर. रासायनिक तपासणी ही तिची कापणी.

कापणीचा चौकोन कोठें आंखावा, ह्यालाहि नियम लागतो. आपल्या सोईचा, रस्त्यालगतचा कोपरा निवडला तर आकडा खोटा येतो. म्हणून १९४० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत सातारा जिल्ह्यांत जन्मलेले पांडुरंग सुखात्मे व त्यांचे सहकारी पानसे ह्यांनीं शेत व चौकोन चिठ्ठी टाकल्याप्रमाणें निवडण्याची पद्धत पीककापणींत रूढ केली. मांसाच्या बाबतींतहि नियम तोच. परदेशी मेंढ्यांच्या शंभर धडांवर शिकविलेलें यंत्र आपल्या उस्मानाबादी शेळीच्या मांसावर लावलें, तर तें ठाम आकडा सांगेल. पण तो आकडा बरोबर असण्याची कांहीं हमी नाहीं. जात, वय, चारा, ऋतु, मांसाचा भाग, त्याचें तपमान, हीं सर्व ज्या नमुन्यांत आलीं त्यांवर यंत्र शिकलेलें असावें. न पाहिलेल्या गोष्टीविषयीं मत देऊं नये, हें जाणत्या माणसास समजतें. यंत्रास तें आपण समजावून द्यावें लागतें.

कारखान्यांत त्याचा उपयोग

ज्या कामांत यंत्र अगदीं भरंवशाचें ठरलें आहे तें घटक मोजण्याचें. खिमा किंवा तत्सम पदार्थ करणाऱ्या कारखान्यांत निरनिराळ्या जनावरांचे तुकडे एकत्र करून ठराविक चरबीचें मिश्रण करावें लागतें. चरबी अधिक झाली तर गिऱ्हाईक फसतें, कमी झाली तर कारखानदाराचा तोटा होतो. पूर्वी नमुना प्रयोगशाळेंत जाऊन उत्तर येईपर्यंत माल पुढें गेलेला असे. आतां मिश्रण चालू असतांनाच आकडा कळतो व हात आंवरतां येतो.

दुसरा उपयोग कोंबडीच्या छातीच्या मांसाचा. फार जलद वाढणाऱ्या ब्रॉयलर जातींत छातीचें मांस लांकडासारखें कठीण होण्याचा एक विकार आढळतो. त्याचें शास्त्रीय वर्णन फिनलंडमधील संशोधकांनीं २०१४ मध्यें केलें. अशा मांसांत पाणी वाढलेलें व प्रथिनें घटलेलीं असतात, म्हणून तें प्रकाशानें ओळखूं येतें. नॉर्वेंतील शास्त्रज्ञांनीं २०१७ मध्यें सरकत्या पट्ट्यावरून जाणारे तुकडे अशा रीतीनें निवडून दाखविले. तिसरा उपयोग मऊपणाचा अंदाज बांधण्याचा. अमेरिकेंत नेब्रास्कांतील क्ले सेंटर येथील सरकारी संशोधन केंद्रानें २००५ मध्यें गाईबैलांच्या धडांवर प्रकाश टाकून, पुढें मुरविल्यावर कोणतें मांस मऊ निघेल ह्याची वर्गवारी करण्याची रीत प्रसिद्ध केली. येथें वाचकांनीं एक भेद लक्षांत घ्यावा. चरबी किंवा पाणी ह्यांची खूण प्रकाशांत सरळ उमटते. मऊपणाची तशी उमटत नाहीं. तो कांहीं पदार्थ नव्हे, अनेक कारणांचा परिणाम आहे. म्हणून मऊपणाच्या बाबतींत यंत्र गट पाडण्यास उपयोगी पडतें, पण एकेका तुकड्याविषयीं पैजेनें सांगूं शकत नाहीं. सामूच्या अंदाजासहि बऱ्याच अंशीं हेंच लागू आहे. सामू नक्की पाहावयाचा तर मांसांत टोंचावयाचें सामूमापक अद्यापि अधिक विश्वासाचें.

यंत्रास काय कळत नाहीं

हातांतलें यंत्र मांसाच्या कांहीं मिलिमीटर थरापलीकडे पाहूं शकत नाहीं. वर चरबीचा पापुद्रा असेल तर तें चरबीच सांगेल. पृष्ठभाग ओला असेल तर पाणी सांगेल. स्नायूचे धागे आडवे आहेत कीं उभे, ह्यानेंहि आकडा बदलतो. मांसाचें तपमान बदललें कीं पाण्याची खूण थोडी सरकते. यंत्राच्या कांचेवर चरबीचा हात लागला तर सारेंच बिघडतें. लहान यंत्रांत खर्च वांचविण्यासाठीं प्रकाशाचा थोडाच भाग टिपलेला असतो. कांहीं यंत्रें ११०० नॅनोमीटरच्या आंतच थांबतात, कांहीं १७०० पर्यंत जातात. म्हणून मोठ्या यंत्राचा लौकिक लहान यंत्रास आपोआप चिकटवूं नये.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, रोगजंतु, किंवा औषधांचे दशलक्षांशांत मोजावयाचे अंश, हें यंत्र शोधूं शकत नाहीं. जनावरांच्या डॉक्टरानें करावयाची तपासणी तें वांचवीत नाहीं. भेसळीचा संशय तें उत्पन्न करूं शकेल, परंतु निकाल दुसरीकडे लागतो. २०१३ च्या जानेवारींत आयर्लंडच्या अन्नसुरक्षा खात्यानें गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत घोड्याचें मांस असल्याचें जाहीर केलें आणि साऱ्या युरोपांत खळबळ उडाली. तो शोध आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें लागला होता.

दोष कोणाच्या खात्यावर

दुधाच्या धंद्यांत अशा परीक्षेचा अनुभव शंभरांहून अधिक वर्षांचा आहे. १८९० मध्यें विस्कॉन्सिन येथील स्टीफन बॅबकॉक ह्यांनीं दुधांतील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत शोधली व तिचा मक्ता स्वतःकडे न ठेवतां सर्वांस मोकळी दिली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें गर्बर ह्यांची रीत निघाली. तोंपर्यंत पाणी घालणारा व न घालणारा दोघेहि एकाच मापानें विकीत. परीक्षा आल्यावर प्रामाणिक गवळ्यास त्याच्या प्रामाणिकपणाचा पैसा मिळूं लागला. परीक्षेचा फायदा हा असा आहे. पण संकलन केंद्रावर फॅटचा आकडा रोज उतरतो कां, म्हणून वाद घालणारे शेतकरीहि आपण पाहतोंच. ह्यावरून असें दिसतें कीं, यंत्र असणें निराळें आणि यंत्रावर उभयतांचा विश्वास असणें निराळें.

मांसाच्या बाबतींत ह्याहून एक अडचण अधिक आहे. दूध शेतकऱ्याच्या हातून निघालें तसेंच मोजलें जातें. मांसाची प्रत मात्र शेतकऱ्याच्या गोठ्यांत अर्धीच तयार होते. अंगावरचें मांस, चरबी, वय व जात हें त्याचें काम. परंतु सामू, रंग व मऊपणा ह्यांचें बरेंचसें भवितव्य जनावर त्याच्या दारांतून निघाल्यापासून धड थंड होईपर्यंतच्या काळांत ठरतें. त्या काळीं जनावर व्यापाऱ्याच्या, गाडीवाल्याच्या व कत्तलखान्याच्या ताब्यांत असतें. उन्हांत दाटीनें कोंबून नेलेल्या, पाणी न दाखविलेल्या बोकडाचें मांस काळें निघालें, आणि यंत्रानें तें बरोबर ओळखलें, तर यंत्र खरें बोललें. पण त्या आकड्यावरून शेतकऱ्याचा भाव कापला, तर खऱ्या आकड्यानें खोटा न्याय झाला. आमच्या मतें साऱ्या विषयांतील कळीची गोष्ट हीच आहे. घटकांचा हिशेब शेतकऱ्याच्या खात्यावर घालणें रास्त; काळ्या, सैल किंवा चिवट मांसाचा हिशेब ज्याच्या ताब्यांत तें बिघडलें त्याच्या खात्यावर घातला पाहिजे.

शेतकऱ्यानें व संस्थेनें काय करावें

शेतकऱ्याच्या हातांत असलेल्या गोष्टी साध्या आहेत. विकावयाचीं जनावरें गाडींत भरण्यापूर्वीं त्यांस पाणी पाजावें. निरनिराळ्या कळपांतील नर एकत्र कोंबूं नयेत. दुपारच्या उन्हांत प्रवास टाळावा. काठीनें बडवूं नये, कान किंवा लोंकर धरून ओढूं नये. माराचा डाग मांसावर उमटतो व तेवढा भाग कापून टाकावा लागतो. मुक्कामावर पोहोंचल्यावर जनावरांस पाणी व विसांवा मिळेल, अशी अट सौद्यांतच घालावी. गाडी निघाल्याची वेळ, जनावरांची संख्या व वजन, हीं एका चिठ्ठीवर लिहून तिच्यावर नेणाऱ्याची सही घ्यावी. कारकुनी आयुष्यांत आम्हीं एकच शिकलों: तोंडी गोष्टीस वर्षानंतर साक्षीदार मिळत नाहीं, कागदास मिळावा लागत नाहीं.

यंत्राच्या आकड्यावर भाव ठरवूं म्हणणारा खरेदीदार आला, तर संस्थेनें त्यास पांच प्रश्न विचारावे. हें यंत्र कोणत्या जातीच्या, किती जनावरांच्या मांसावर शिकविलें आहे? त्याची चूक अधिक-उणी किती, आणि ती नव्या नमुन्यांवर पाहिली आहे काय? शेवटचा ताळा कोणत्या प्रयोगशाळेंत व केव्हां घेतला? धडाच्या कोणत्या जागीं, किती वेळां व कोणत्या तपमानास मोजतात? आणि आकडा विकणाऱ्यास लेखी मिळतो काय? समजा, यंत्राची चूक एक टक्का अधिक-उणी आहे. तर ४ टक्के व ४.५ टक्के चरबीच्या बोकडांत भावाचा फरक करणें म्हणजे केवळ नशिबाचा खेळ होय. चुकीच्या मापाहून बारीक पायऱ्या भावांत असूं नयेत, हा नियम करारांत लिहूनच घ्यावा.

संस्था मोठी असेल तर तिनें आणखी एक पाऊल पुढें टाकावें. यंत्रानें मोजलेल्या मालांतून चिठ्ठ्या टाकून दर महिन्यास कांहीं नमुने निवडावे, उभयतांच्या समक्ष मोहोरबंद करावे, आणि तिऱ्हाईत प्रयोगशाळेकडे पाठवावे. हैदराबादजवळ चेंगिचेर्ला येथें भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची मांसविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. पशुवैद्यकीय महाविद्यालयांतूनहि मांसशास्त्राचे विभाग आहेत. अशा ठिकाणचा सल्ला घेऊन, आपल्याच भागांतील शेळ्यांच्या नमुन्यांवर अंशांकन करवून घेतां आलें, तर तें उत्तम. हा खर्च एकट्या शेतकऱ्यास झेपणार नाहीं. संघास झेपेल, आणि संघ कशासाठीं असतो ह्याचें तें एक चांगलें उत्तरहि होईल.

बोटांनीं कणा चाचपण्याच्या रीतीहून प्रकाशाची रीत चांगली, ह्यांत आम्हांस शंका नाहीं. बोटांचा निर्णय कोणासहि तपासतां येत नाहीं. प्रकाशाच्या निर्णयाचा ताळा घेतां येतो. पण ताळा घेतां येतो एवढ्यानें भागत नाहीं, तो कोणीतरी घ्यावा लागतो. पीक चांगलें दिसलें तरी कापणी केल्यावांचून आणेवारी लिहूं नये, हा जुना धडा आमच्या शेतकरी बंधूंनीं ह्या नव्या यंत्रापुढें उभें राहतांनाहि विसरूं नये, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितों.